बुचाचं वऱ्हाडात जमलं नाही

आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूवर त्याने नेपोलियनला हरवलं, हे सगळं खरं. पण मराठ्यांवरच्या मोहिमेआधी त्याने रसदीची जी मागणी नोंदवली ती वाचताना हा माणूस सेनापती कमी आणि कोठारावरचा कारकून जास्त वाटतो. खारवलेलं मांस किती, बिस्किटं किती, ती कुठल्या टोपल्यांत भरायची, टोपल्यांवर मेणकापड घालायचं की नाही, सगळं लिहिलेलं. दारूही त्यात आहेच. दहा हजार गॅलन अरक, सहा-सहा गॅलनच्या लहान पिंपांत, आणि पिंपांना लोखंडी कड्या ठोकलेल्या. बाटल्यांचा उल्लेख नाही. गोऱ्या शिपायाची दारू पिंपातून यायची आणि पिंपाला लाकडी गुडदी पुरत असे. बाटली, बूच आणि ते उपटण्याचं हत्यार ही अधिकाऱ्यांची चैन. ती त्यांच्या खासगी सामानातून, त्यांच्याच बैलांवरून आणि उंटांवरून यायची.

ही फौज १८०३ च्या नोव्हेंबरात वऱ्हाडात उतरली. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांशी लढाई झाली. भोसल्यांच्या बाजूने रघूजीराजांचा भाऊ व्यंकोजी, ज्याला मन्याबापू म्हणत. तोफा सुरू झाल्याबरोबर इंग्रजांच्याच तीन पलटणी पळत सुटल्या आणि वेलस्लीला स्वतः जाऊन त्यांना परत उभं करावं लागलं. नंतर गाविलगड. स्टीव्हन्सनच्या फौजेने एलिचपुराकडून निघून तोफा सातपुड्यातून मैलोनमैल ओढत लबाडा गावाच्या बाजूला नेल्या, आणि १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावला भोसल्यांशी तह, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. महिन्याभरात सगळं आटोपलं. इतिहासाची पुस्तकं इथून दिल्लीकडे वळतात. आपण अधिकाऱ्यांच्या तंबूतच थांबू.

तिथे मदिरा असायची. मदिरा म्हणजे अटलांटिकमधल्या त्याच नावाच्या पोर्तुगीज बेटावरची वाईन, तीत वरून द्राक्षाची दारू घालून कडक केलेली. हिंदुस्थानात तिचा एवढा दबदबा का, तर ती उन्हाला भीत नाही. जहाजाच्या तापलेल्या तळघरात विषुववृत्त ओलांडून गेलेली पिंपं परत आली तेव्हा आतली वाईन सुधारलेली निघाली, असं व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे तर बेटावरच ती मुद्दाम तापवू लागले. बाकीच्या वाईनींचं असं नव्हतं. बोर्दोची तांबडी क्लॅरेट, जिला इथले नोकर ‘लाल शराब’ म्हणत आणि साहेब तेच ‘लोल श्रब’ असं लिहून ठेवत, ती उन्हात मरायची. वाईनच्या आधी पुष्कळदा बूच मरायचं.

बूच ही चीज आहे तरी काय? भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला, मुख्यतः पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये, एका जातीच्या ओक वृक्षाची साल. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर ती पहिल्यांदा सोलतात. मग दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत, बाटलीच्या कामाची नाही. म्हणजे झाड लावणाऱ्याला बाटलीचं पहिलं चांगलं बूच मिळायला चाळीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली या सालीची चकती धरली, तीत कप्पे दिसले आणि त्याने त्यांना पेशी हे नाव दिलं. या बंद कप्प्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच दाबलं की दबतं आणि सोडलं की फुगून काचेला घट्ट बसतं. हा फुगण्याचा जोर टिकायचा तर साल किंचित ओली राहिली पाहिजे. वाईनची बाटली आडवी ठेवायची ती एवढ्याचसाठी.

आता हे बूच अकोल्याच्या मे महिन्यात आणून ठेवा. पारा ४५ अंशांच्या पुढे, हवेत ओल नाही. बाटलीतली वाईन तापून फुगते. पाऊण लिटरच्या बाटलीत वीस अंशांच्या फरकाने चार-पाच मिलिलिटर वाढ होते, आणि बुचाखाली मोकळी जागा असते साधारण तेवढीच. म्हणून दुपारी वाईन बुचाला खालून ढकलते, पहाटे आखडते आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढते. असं रोज, तीन महिने. बुचाचा आतला भाग वाईनने भिजलेला, वरचा कोरड्या हवेने करकरीत झालेला. मग मृग लागला की तेच वरचं टोक दमट होऊन त्यावर बुरशी धरते. शिवाय पोखरणारे किडे आहेतच. बाटलीच्या तोंडावर लाखेचा थर किंवा शिशाची टोपी असायची ती काही शोभेसाठी नव्हे. गंमत म्हणजे ती लाख बहुतेक इथलीच, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांची. इथून जहाजाने विलायतेला जायची, बाटलीच्या तोंडावर बसून परत यायची आणि वऱ्हाडच्या उन्हात पुन्हा पाघळायची.

बूच उपटायचं मळसूत्र मात्र फौजेला परकं नव्हतं. बंदुकीत ठासलेला बार उडाला नाही तर तो बाहेर काढायला शिपायाजवळ एक वेटोळं असे, ठासणीच्या गजाला टोकाशी बसवायचं. ते नळीत फिरवत घालायचं, कागदाच्या बोळ्यात रुतवायचं आणि ओढायचं. बाटलीचं मळसूत्र याच वेटोळ्यावरून निघालं असं बहुतेक जाणकार मानतात. बूच काढायच्या पोलादी किड्याचा लेखी उल्लेख इंग्लंडात १६८१ मध्ये सापडतो. पहिलं पेटंट १७९५ चं, आणि ते घेतलं सॅम्युअल हेनशॉल नावाच्या एका पाद्र्याने. त्याने मळसूत्राच्या मुळाशी एक चकती बसवली. मळसूत्र पुरतं आत गेलं की चकती बुचावर टेकते आणि मग फिरवलं की अख्खं बूच काचेतच गरकन फिरतं. काचेला चिकटलेली कड सुटली की ओढणं सोपं. अडगावची लढाई यानंतर आठ वर्षांनी झाली.

पण मळसूत्राला धड बूच लागतं. बूच म्हातारं झालं, मधून भुसभुशीत झालं, की मळसूत्र त्यातून नुसतंच भोक पाडून परत येतं आणि वर हातात येतो चिमूटभर भुगा. यावर तीन तोडगे निघाले आणि तिन्ही मला मळसूत्रापेक्षा जास्त हुशारीचे वाटतात.

एक पोर्तुगालचा. तिथली पोर्ट वाईन पन्नास-साठ वर्षं बाटलीत ठेवायची रीत, तेव्हा बूच शाबूत निघेल ही अपेक्षाच सोडलेली. लांब दांड्यांची लोखंडी सांडशी घ्यायची. तिची दोन्ही टोकं अर्धवर्तुळाकार, मिटली की बाटलीच्या गळ्याभोवती कडं होतं. ती निखाऱ्यात लालभडक करायची, बुचाच्या खाली गळ्याला धरून सावकाश मिनिटभर थांबायचं, सांडशी काढायची आणि त्याच रेषेवर गार पाण्याचं ओलं फडकं किंवा भिजवलेलं पीस फिरवायचं. टक्. काच वर्तुळात चिरते आणि बूच, लाख, धूळ सगळं घेऊन गळा वेगळा होतो. बुचाला हातच लावायचा नाही! तरीही खालची वाईन मलमलीतून गाळून घेतात, कारण एखादी कपची पडली नसेल याची खात्री कुणी द्यावी.

दुसरा तोडगा चिमट्याचा. एका मुठीला दोन पातळ पोलादी पाती, एक जरा लांब, एक आखूड. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्या फटीत सरकवायचं, मग समोरून आखूड. दोन्ही डोलवत डोलवत खाली उतरवायची आणि मग फिरवत फिरवत वर ओढायचं. बुचाला भोक पडत नाही, ते दोन्ही बाजूंनी धरून वर येतं. याचं अमेरिकेतलं पेटंट सॅन फ्रान्सिस्कोच्या ममफर्डने १८७९ मध्ये घेतलं. साहेबाच्या घरातला बटलर या चिमट्याने बूच अलगद काढायचा, चांगली वाईन ओतून घेऊन हलकी भरायचा आणि तेच बूच परत बसवायचा, कुणाला पत्ता लागायचा नाही, अशी दंतकथा या हत्याराला जोडून सांगतात. खोटी असली तरी हत्याराचं वर्णन नेमकं आहे. तिसरा तोडगा अगदी अलीकडचा, या शतकातला : मळसूत्र आणि चिमटा एकत्र केलेलं अमेरिकी हत्यार. मळसूत्राने बूच खाली घसरू द्यायचं नाही, चिमट्याने बाजूने धरायचं. जुन्या वाईनींच्या लिलावांतून बाटल्या घेणारे लोक आज हेच वापरतात.

आता ही हत्यारं वऱ्हाडात कितपत लागली असतील? मला वाटतं, फारशी नाही. जीर्ण बूच हा थंड तळघराचा आजार आहे. तीस-चाळीस वर्षं दहा-बारा अंशांवर, अंधारात, ओलीत पडून राहिलेल्या बाटलीला तो होतो. आपल्याकडे एवढं म्हातारपण बाटलीच्या नशिबीच नव्हतं. पावसाळ्यानंतर मुंबईहून निघालेली खेप पुढच्या उन्हाळ्याआधी संपवणं हाच शहाणपणा. एलिचपूरजवळ परतवाड्याच्या छावणीत निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचे अधिकारी होते. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचं पठार इंग्रजांच्या नजरेस आणल्यावर उन्हाळ्यात वर जाऊन राहण्याची सोयही झाली. पण थंडाव्यासाठी माणसं डोंगर चढली, पिंपं-बाटल्यांसाठी तळघरं कुणी खोदली नाहीत. पेय गार करायचं तर ‘आबदार’ नावाचा खास नोकर असे, तो सोऱ्याच्या पाण्यात बाटली फिरवायचा. बूच तुटलंच तर आत ढकलायचं आणि फडक्यातून गाळून घ्यायचं.

इथल्या माणसाला बूच नवं असलं तरी तोंड बंद करणं नवं नव्हतं. मेळघाटात मोहाची फुलं आंबवून मडक्यात दारू गाळतात, त्या मडक्यांचे सांधे चिखलमातीने लिंपतात. तुंब्याला चिंधीचा बोळा, बुधल्याला दाणे काढलेलं मक्याचं कणीस. ते दर खेपेला नवं बसवायचं, जुनं चुलीत. जीर्ण होण्याचा प्रश्नच नाही. विलायती बुचाला देशी पर्याय शोधायचा एक प्रयत्नही झाला. ब्रह्मदेशाकडून आलेलं, उंच सरळ वाढणारं, दिवाळीच्या सुमारास पांढऱ्या सुगंधी फुलांचा सडा घालणारं एक झाड महाराष्ट्रभर शहरांतून लावलेलं आहे. त्याची साल जाड आणि भेगाळ असते. तिची बुचं करून पाहिली गेली, ती हलक्या प्रतीची निघाली. धंदा बुडाला, पण झाडाला बुचाचं झाड हे नाव चिकटलं ते कायमचं.

दरम्यान वऱ्हाडात दुसऱ्याच एका मळसूत्राने पाय रोवले. हैदराबादच्या पेस्तनजी मेहरजी आणि विकाजी या पारशी सावकारांनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला पाठवला आणि खामगावसारख्या ठिकाणी कापूस दाबायचे मळसूत्री दाब उभे केले. १८०३ च्या तहांनंतर निजामाकडे आलेलं वऱ्हाड त्याने १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. बैलाच्या पाठीवरून महिनाभर हिंदकळत येणारी बाटली आता भुशात रचून मालगाडीने येऊ लागली. आणि रेल्वेबरोबर वाईनपेक्षा कितीतरी जास्त खपणारी एक वस्तू आली : सोडावॉटर.

सोडा बाटलीत कोंडणं वाईनहून कठीण. आतला वायू बुचाला सतत बाहेर रेटत असतो, त्यात बूच वाळून जरासं आखडलं की सोडा सपाट. यावर डब्लिनच्या विल्यम हॅमिल्टनने १८०९ मध्ये सुचवलेली बाटली मोठी हट्टी होती. तिला बूडच नाही, खालून अंडाकृती. ती उभी राहूच शकत नाही, आडवीच पडते, म्हणून बूच कायम ओलं. दुकानदाराला आठवण करून द्यायला नको. या बिनबुडाच्या बाटल्या हिंदुस्थानात ठिकठिकाणी आल्या. तरी तारेने बांधलेलं बूच ते बूचच, आणि बाटली एकदा उघडली की नवं बूच हवं.

हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने बूचच काढून टाकलं. १८३८ चा जन्म, १८८७ मध्ये मृत्यू. १८७० पासून त्याची पेटंटं सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत बाटली पक्की झाली. जाड हिरवट काच, गळ्याच्या आत रबराची कडी, आणि बाटलीत कोंडलेली काचेची गोटी. भरताना बाटली उलटी करायची. गोटी आपसूक गळ्यात येते आणि बाटली सरळ केली तरी आतला वायूच तिला खालून रबरावर दाबून धरतो. वायू जितका जास्त तितकं तोंड घट्ट. सोड्यातल्या ज्या दाबाने बूच उडायचं, तोच दाब कॉडने कामाला लावला. गोटी वाळत नाही, तिला कीड लागत नाही, बाटली आडवी ठेवावी लागत नाही. वर्षातून एखाद वेळ रबर बदललं की झालं, आणि बाटली शेकडो वेळा भरता येते.

उघडायचं हत्यार म्हणजे लाकडाची वाटोळी टोपी आणि तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा दट्ट्या. सोडावाला तो तोंडावर ठेवतो, तळहाताने एकदाच हाणतो, फस्स आवाज होतो आणि गोटी खाली गळ्याच्या खोबणीत जाऊन खुळखुळते. ओतताना बाटलीच्या गळ्याला असलेल्या दोन खळग्या खालच्या बाजूला धरायच्या, म्हणजे गोटी त्यांत अडकते आणि पुन्हा तोंडाशी धावत येत नाही. खळग्या वर धरल्या की धार मध्येच बंद. ग्लासात लिंबू, काळं मीठ, वरून सोडा फसफसत आला की मे महिन्यातल्या अमरावतीच्या राजकमल चौकात दोन मिनिटं तरी माणूस माणसात येतो.

सोड्याचा धंदा महाराष्ट्रात पारशांनी जमवला. मुंबईत पालनजी १८६५ चे, पुण्यात अर्देशिर १८८४ चे, परत मुंबईत ड्यूक १८८९ चे. पण गोटीच्या बाटलीला मोठ्या कंपनीची गरज नव्हती. वायूची एक टाकी, फिरवायची एक चौकट आणि शे-दोनशे बाटल्या असल्या की तालुक्याच्या गावीही कारखाना सुरू. वऱ्हाडात ती पसरली ती यामुळे. इंग्लंडात मात्र तिचे दिवस लवकर भरले. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये दातेरी पत्र्याच्या झाकणाचं पेटंट घेतलं. आधी चोवीस दात, आता एकवीस. त्या झाकणाच्या पोटातही सुरुवातीला बुचाची पातळ चकतीच होती, पुढे तिची जागा प्लॅस्टिकने घेतली. आपल्याकडे दोन्ही बाटल्या एकाच टपरीवर शेजारी शेजारी नांदल्या.

वाईनच्या बाटलीची गोष्ट वऱ्हाडात इथे जवळजवळ संपते, कारण विसाव्या शतकात इथला मोठा प्रश्न बाटली उघडायची कशी हा राहिलाच नाही. ज्या अंजनगाव सुर्जीत शिंद्यांचा तह झाला, त्याच तालुक्यातल्या शेणगावात १८७६ मध्ये डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. वडील दारूच्या व्यसनात गेले. त्या काळी घरात बारसं असलं की जातभाईंना मटण आणि दारू ठरलेली. डेबूजींनी मुलीच्या बारशाला ती दिली नाही, गोड जेवण घातलं. आप्त चिडले, हे बधले नाहीत. हेच गाडगेबाबा. १९०५ मध्ये घर सोडल्यावर पन्नास वर्षं ते खराटा घेऊन गावोगाव फिरले आणि कीर्तनात देवाधर्माइतकंच दारूबद्दल बोलले. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला ते गेले. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हाच विषय चालवला. कायद्यानेही हात घातला. मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ चा. वऱ्हाड मुंबई राज्यात आल्यावर १९५९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भाला लागू झाला. पुढे परवान्यांची पद्धत आली. या सगळ्यातून गोटीचा सोडा निर्धास्त पार पडला. त्यात नुसतं लिंबू घातलंय की आणखी काही, हे बाटलीला कुणी विचारत नाही.

महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिककडची वाईन अकोला-अमरावतीच्या दुकानांतही दिसू लागली. त्यातल्या पुष्कळ बाटल्यांना आता बूच नाही, पत्र्याचं फिरकीचं झाकण आहे. शौकिनांना ते हलकं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर खोऱ्यातले वाईनवाले २००० साली एकत्र येऊन रीसलिंगला हेच झाकण लावायला लागले, तेव्हा तिथेही नाकं मुरडली गेली होती. आपल्या हवेला मात्र हेच झाकण मानवतं. आणि तरीही कुणाकडे आजोबांच्या काळातली बूच लावलेली बाटली कपाटात निघालीच, तर ती आधी दिवसभर उभी ठेवावी म्हणजे गाळ बसतो, लाख खरवडून तोंड ओल्या फडक्याने पुसावं, मळसूत्राच्या वाटेला न जाता दोन पात्यांचा चिमटा वापरावा आणि खाली स्वच्छ मलमल धरावी. आत वाईन निघेल याची हमी नाही. पन्नास वऱ्हाडी उन्हाळ्यांनंतर बहुधा शिरका निघतो.